कंपनीचं फडकं

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला आठवडा उरला होता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची तयारी कुठवर आली ते बघायला मी रविवारी सकाळी नाशिकरोडहून सिडकोतल्या घरी आले, तर नाना ओट्यावर मांडी घालून बसले होते आणि गुणगुणत होते. आई गेल्यापासून मी त्यांचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं. रिक्षातून उतरतानाच तो आवाज कानावर पडला आणि एकदम हलकं वाटलं. पैसे देऊन वळले, तेव्हा त्यांच्या हातात काय आहे ते दिसलं.

त्यांच्यापुढे जाड पांढऱ्या कापडाचा गठ्ठा उलगडलेला होता. आईची मोठी कात्री घेऊन ते त्याचे चौकोन कापत होते. कापून झालेले चौकोन बाजूला एकावर एक रचलेले. ओट्यावर तिरपं ऊन आलं होतं, आणि कात्री मिटली की त्या उन्हात बारीक भुरका उठायचा. नानांच्या बनियनवर, मिशीवर, दंडांवरच्या केसांवर पांढरी लव बसली होती.

आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"ये, चैताली. बघ, रेघ कशी सरळ आलीय. हात अजून हलत नाय माझा."

"हे काय चाललंय, नाना?"

"कार्यक्रमाला येणाऱ्या बायांना द्यायला. तुझी आई द्यायची तसं. बाकीचे लोक वह्या वाटतात, रोपं वाटतात. म्हटलं आपण कुसाची आठवण कुसाच्या पद्धतीनं देऊ. हर्षाली वरून कापड चढवून देतेय. आईच्याच साड्या काढून दिल्यात तिला."

मी पायरीवरच थांबले. त्यांनी जागा करण्यासाठी गठ्ठा ओढला, चौकोनांवर हात फिरवला आणि हात झटकले.

या कापडाला आमच्या घरात, आमच्या गल्लीतही, कंपनीचं कापड म्हणायचे. नाना अंबडच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. वाफेच्या पाइपांना गुंडाळायला हे कापड आणि याचीच दोरी यायची. जुनं झालं की सोलून काढायचं, नवं बांधायचं. उरलेले तुकडे नाना घरी आणत. मी लहान असताना त्यांनी चुलत भावंडांसमोर एक तुकडा चिमट्यात धरून गॅसवर नेला होता. लाल झाला, पण जळला नाही. जादूगाराला मिळाव्यात तशा टाळ्या त्यांना मिळाल्या.

आई घरापुढे इस्त्रीचं टेबल लावायची. कोळशाची पितळी इस्त्री टेकवायला तिनं त्या कापडाची चौपदरी घडी केली होती. घडी विरली की वरचा पदर काढायचा, नवा घालायचा. सकाळी कामाला बसण्याआधी ती घडी ओट्याच्या कडेला धरून झटकायची. गल्लीत लग्न होऊन नवी सून आली की आई फडक्यांची जोडी शिवून तिच्या हातात ठेवायची. मध्ये कंपनीचं कापड, वरून जुन्या साडीचं. गरम भांडं उतरवायला. "सासरी हात पोळू नये," म्हणायची. एवढंच. कंपनी बंद पडली तेव्हा स्टोअरमधलं उरलंसुरलं कामगारांनी वाटून घेतलं. कुणी पंखा नेला, कुणी खुर्च्या. नानांनी सायकलला बांधून हा तागा आणला आणि आईसाठी माळ्यावर ठेवला.

त्या कापडाचं खरं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते हॉस्पिटलमध्ये.

आईला आधी नुसता दम लागायचा. मग उजव्या कुशीवर झोपवेना. छातीत पाणी झालंय म्हणून ते काढलं, पंधरवड्यात पुन्हा भरलं. तपासणीसाठी फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढला. रिपोर्ट आला त्या दिवशी नाना खाली औषधांच्या रांगेत होते आणि मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये एकटी. मेसोथेलिओमा. डॉक्टर कागदावर दोन फुप्फुसं काढून, भोवती दुहेरी रेघ ओढून समजावत होते. फुप्फुसाचा नाही, त्याच्या भोवतीच्या पातळ आवरणाचा कॅन्सर. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "घरात कुणी अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलंय? पत्र्यांच्या कारखान्यात, ब्रेक लायनिंगच्या, बॉयलरच्या?"

मी विचारलं, त्याचं कापड असतं का? न जळणारं?

असतं, ते म्हणाले. त्याचे तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होऊन हवेत तरंगतात. श्वासाबरोबर आत जातात आणि शरीराला ते विरघळवताही येत नाहीत, बाहेरही टाकता येत नाहीत. वीस, तीस, चाळीस वर्षं काहीच होत नाही. मग एखाद्याला हे होतं. शेजारी बसून तीच हवा घेतलेल्या दुसऱ्याला होत नाही. का, ते नक्की सांगता येत नाही.

"वडिलांना मी सांगू का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, नको. मी सांगेन.

आईला मी 'छातीत गाठ' एवढंच सांगितलं. कशामुळे, ते तिनं स्वतःच ठरवलं. "कोळशाचा धूर," म्हणाली. "नाना बिचारे कधीचे म्हणत होते, लाइटवरची इस्त्री घे. मीच ऐकलं नाही. बिलाला भ्याले." मी तिच्या पायांना तेल चोळत होते. त्याच वेळी म्हणायला हवं होतं की नाही गं, तुझं काही चुकलं नाही. पण त्यापुढचा प्रश्न आला असता, मग कशानं? आणि नाना समोर स्टुलावर बसले होते. मी तेल चोळत राहिले.

ती गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना नाना तेच सांगायचे. "ऐकलं नाय तिनं माझं. लय सांगितलं." रागानं नाही, फार मायेनं म्हणायचे. माणसं मान डोलवायची. मी चहा आणून द्यायची. आपण एका म्हाताऱ्या माणसाला जपतोय, असं मी मनाशी म्हणत होते. त्यासाठी सगळा दोष जी आता बोलू शकत नव्हती तिच्यावर ठेवला होता, हे मला कळत होतं. कळत असून मी तो तिथंच राहू दिला.

आणि आता ते तोच तागा कापत होते.

"नाना, हे राहू द्या," मी म्हणाले. "आता असली फडकी कुणी वापरत नाही. बाजारात रबरी हातमोजे मिळतात, धुता येतात. आपण पुस्तकं देऊ. मी आणते."

"पुस्तकं? कुसानं जन्मात कुणाला पुस्तक दिलंय?" ते हसले. "इथं येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांना चष्मा लागतो, निम्म्यांना वाचता येत नाय. त्या पुस्तकावर पातेलं ठेवतील. त्यापेक्षा फडकंच दे ना!"

आत मशीन थांबलं. हर्षाली दारात आली. शेजारच्या घरची सून. आई आजारी पडल्यावर इस्त्रीचं गिऱ्हाईक तिनंच धरून ठेवलं आणि आता टेबल तीच चालवत होती. तिच्या कुर्त्यावरही ती लव होती.

"ताई, खरंच चांगली आयडिया आहे नानांची. मला लग्नात दिलेली जोडी अजून आहे माझी. दहा माणसांच्या वरणाचं भगुणं उतरवते त्यानं. त्या रबरी मोज्यांनी हात सटकतो."

"हर्षाली, ते अंगावरचं झटकू नकोस."

ती झटकता झटकता थांबली. "का? खाजतं का हे?"

"नानांसाठी आणि माझ्यासाठी चहा ठेवतेस? तुझ्या घरी ठेव. आमच्याकडे दूध नसेल."

"आहे की दूध," नाना म्हणाले.

"असू दे. तू तुझ्या घरून आण."

हर्षालीनं एकदा माझ्याकडे, एकदा नानांकडे पाहिलं. बापलेकीचं काहीतरी आहे, एवढं तिला समजलं. ती गेली. आईच्या आजारपणातच मी तिला इस्त्री टेकवायला लोखंडी स्टँड आणून दिला होता. तिनं तो कपाटावर ठेवला, आणि 'कुसाताईंच्या हातची घडी लकी आहे' म्हणून ती घडीच वापरत राहिली. मी पुन्हा काही बोलले नव्हते. तिची पोरगी दुपारी त्या टेबलाखाली गोधडीवर झोपते, तेही मी येता-जाता पाहिलं होतं.

नानांनी पुन्हा कात्री उचलली.

"थांबा ना, नाना."

"तुला लाज वाटते का?" ते खाली बघूनच म्हणाले. "तसं असेल तर सांग. तुझ्या कॉलेजातल्या बाया येणार, त्यांच्या हातात आपण जुन्या लुगड्याचं फडकं द्यायचं. इस्त्रीवालीची आठवण."

हे त्यांनी मला कधीच म्हटलं नव्हतं. आई कधीमधी चेष्टेत म्हणायची, नाना कधीच नाही.

"लाज नाही वाटत."

"मग?"

"या कापडावर सरकारची बंदी आलीय," मी म्हणाले. तोंडाला आलं ते.

ते मोठ्यानं हसले. "बंदी? अगं, हे ज्याचं असतं त्याचेच पत्रे आहेत निम्म्या गावावर. अंबडला जा, शेडच्या शेड तेच. बंदी असती तर आधी ती छपरं उतरली असती. कुणी सांगितलं तुला, मोबाइलनं?" आणि कात्री कापडात घातली.

मी त्यांच्या मनगटाला धरलं. लहानपणानंतर मी त्यांचा हात असा कधी धरला नव्हता. त्यांच्या हातावरची लव माझ्या बोटांना लागली.

"नाना, आईला कोळशानं झालं नव्हतं."

ते माझ्याकडे बघायला लागले.

"या कापडानं झालं होतं. याला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं. हा जो भुरका उडतोय, तो छातीत जातो आणि तिथंच राहतो. तिचा आजार बहुतेक यानंच होतो."

बोलायला सुरुवात केल्यावर मला थांबता आलं नाही. डॉक्टरांची ती दुहेरी रेघ, वीस-तीस वर्षं, सगळं सांगितलं. वर्गात शिकवताना लागतो तसा माझा आवाज सपाट झाला होता.  कात्री नानांच्या बोटांत तशीच अडकलेली होती. ती मी काढून घेतली.

ते म्हणाले, "मग मला कसं नाय काय झालं? मी तर त्यात लोळलोय. डबा खायला बसायचो तेव्हा भाकरीवर असायचं ते. फुंकर मारून खायचो."

"सगळ्यांना होत नाही. का ते डॉक्टरांनाही माहीत नाही."

"मला व्हायला पाहिजे होतं."

"तसं नसतं, नाना."

"इथं बसून झटकायची ती. रोज." त्यांनी ओट्याच्या कडेकडे पाहिलं. "मी आतून ओरडायचो, घरात येतंय, तिकडं तोंड करून झटक. मला शिंका यायच्या म्हणून. मग ती पलीकडं तोंड करायची. वारा तिकडून आला की सगळं तिच्याच अंगावर." मग म्हणाले, "लोकांना मी काय सांगत फिरलो? ऐकत नव्हती म्हणून. सगळं ऐकायची गं. मी आणलं ते तिनं वापरलं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झिडकारला नाही, पण त्यांना तो जाणवलाही नसावा.

"तुला कधी कळलं?"

"रिपोर्ट आला तेव्हा."

"ती असताना?"

"हो."

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"म्हणजे ती आपलंच चुकलं म्हणून गेली."

मी हो म्हणाले. तेवढं तरी मला टाळता येत नव्हतं.

"माझ्यामुळं नाय सांगितलंस."

"तुम्ही आधीच इतके खचला होतात—"

"मी विचारत नाय," नाना म्हणाले. "मला कळलं ते."

ते उठायला लागले आणि उठता उठता सवयीनं मांडीवरचे तुकडे झटकायला हात वर नेला. हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो सावकाश खाली आणला आणि विचारलं, "आता याचं काय करायचं असतं?"

हे मात्र मी वाचलं होतं. वर्षभर तेवढंच तर केलं होतं, वाचत होते. कोरडं हलवायचं नाही, झाडायचं नाही, ओलं करायचं. आम्ही नाकातोंडाला रुमाल बांधले. रुमालानं हे पुरतं अडत नाही, तेही मला माहीत होतं, पण घरात दुसरं काही नव्हतं. मी बादली आणली आणि हातानं हळूहळू पाणी शिंपडून सगळा तागा भिजवला. भिजल्यावर ते कापड अगदी साधं दिसायला लागलं, पावसात राहिलेल्या पोत्यासारखं. चौकोन, कात्रण, आत मशीनवर अर्धे शिवलेले, सगळं जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एकात एक घालून बांधलं. ओटा आणि मशीनखालची फरशी ओल्या फडक्यानं पुसून काढली, ती फडकीही पिशवीत टाकली. आईची निळी साडी नानांनी हर्षालीला कापायला दिली होती, तिचेही चौकोन त्यात गेले. नाना म्हणाले, "घंटागाडीत नाय टाकायचं ना?" मी म्हणाले, नाही, महापालिकेत विचारावं लागेल. तिथं कुणाला विचारायचं, ते मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात हर्षाली चहाचा ट्रे घेऊन आली. ओला ओटा, पिशव्या आणि आमचे बांधलेले रुमाल बघून पायरीवरच उभी राहिली.

"काय झालं?"

मी तोंड उघडलं, पण नानाच बोलले. सगळं नाही सांगितलं. "पोरी, हे कापड वाईट आहे. कुसा यानंच गेली. तुझ्या टेबलावरची घडी पाणी टाकून काढ. झटकू नको. आणि ते तुझं भगुण्याचं फडकंही दे मला."

तिनं ट्रे खाली ठेवला.  मग ती माझ्याकडे वळली.

"म्हणून तो स्टँड आणला होता तुम्ही?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"ताई, मी त्यावर इस्त्री ठेवते. माझी ओवी त्याच्याखाली झोपते. तुम्ही बघितलंय तिला. बिस्कीट दिलं होतं तुम्ही तिला तिथंच बसून."

"थोडक्यानं बहुतेक काही होत नाही, हर्षाली. घडी जुनी होती म्हणून—"

"स्टँड आणून दिलात," ती म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता. "एवढी शिकलेली बाई. एक वाक्य बोलायचं होतं. भांडून काढून घ्यायची होती माझ्या हातातून."

 मी नानांकडे पाहिलं तर ते पिशवीची गाठ पुन्हा घट्ट करत होते. मला वाचवायला ते येणार नव्हते, आणि ते बरोबरच होतं.

हर्षाली गेली. पाण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती टेबलावरची घडी आणि फडक्यांची जोडी ओल्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आली, नानांच्या पिशवीत टाकली आणि माझ्याकडे न बघता परत गेली. चहा तसाच राहिला.

"चल," नाना म्हणाले.

"कुठं?"

"गल्लीत. जिथं जिथं तिनं दिलंय तिथं."

"आज नको, नाना. तुम्ही बसा. मी एकटी जाते. लोकांना काहीतरी सांगून मी मागून घेते, म्हणते की आठवण म्हणून आम्हाला आईची फडकी गोळा करायचीत—"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. मग त्यांनी आत जाऊन अंगावरचं सगळं बदललं, आईच्या कार्यक्रमासाठी धुऊन ठेवलेला पांढरा शर्ट घातला. मी आईचा एक जुना गाऊन चढवून माझे कपडे पिशवीत कोंबले. तशीच, गाऊनवर ओढणी घेऊन, मी त्यांच्या मागं निघाले.

पहिलं घर सुमनबाईंचं. आईच्या वयाची, आईची मैत्रीण आणि आईशी सगळ्यात जास्त भांडलेली बाई. दार उघडून तिनं आधी पिशवी पाहिली.

"काय रे केरू, बाजाराला निघाला का दोघं? आणि हिला काय झालंय, गाऊनवर?"

"सुमन, कुसानं तुला फडकी दिली होती बघ. गरम भांडं धरायची. ती दे."

"आता कार्यक्रमाला नवी देणार म्हणे तू. हर्षाली सांगत होती."

"नवी नाय देणार. जुनी परत दे."

सुमनबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ऐका. मेलेल्या बायकोनं दिलेलं परत मागायला आलाय. उद्या म्हणशील, तिनं वाढलेली भाकर पण दे. दिलेलं दान कुणी परत घेतं का रे? पोरीनं शिकवलं वाटतं तुला."

नानांचे ओठ हलले. ओट्यावर हर्षालीला जे सांगता आलं, ते त्यांना इथं सांगता येईना.  त्यांनी पिशवी पोटाशी धरली, आणि सुमनबाईचा चेहरा बदलला.

"काय झालंय, चैते?"

त्या क्षणीही माझ्या मनात एक सोपं वाक्य तयार होतं. ते मी गिळलं.

"सुमनमावशी, त्या फडक्यात जे कापड आहे त्यानं आईला आजार झाला," मी म्हणाले. "कोळशानं नाही. आईची काही चूक नव्हती. नानांनाही माहीत नव्हतं. आम्ही ते परत न्यायला आलोय, म्हणजे तुम्हाला त्याचा त्रास नको. आणताना झटकू नका, ओल्या कापडात गुंडाळा."

 ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"कोळशानं नाय?"

"नाही."

"मी तिला तोंडावर बोलले होते गं," सुमनबाई म्हणाली. "हॉस्पिटलात. म्हटलं, चार पैसे वाचवायला गेलीस आणि हे ओढवून घेतलंस. ती हसली नुसती. म्हणाली, हो ना." नानांकडे बघून ती म्हणाली, "तूच सांगायचा रे सगळ्यांना. ऐकलं नाय म्हणून."

"हो," नाना म्हणाले. त्यांना आवाज आला होता. "मीच सांगायचो. ते खोटं होतं. आता खरं सांगत फिरतोय."

सुमनबाई आत गेली. भांड्यांचा आवाज आला, नळ वाहिल्याचा आवाज आला. बाहेर येताना तिच्या हातात ओल्या पंच्यात गुंडाळलेली जोडी होती. ती तिनं पिशवीत ठेवली, टाकली नाही. मग विचारलं, "मला होईल का?"

"बहुतेक नाही," मी म्हणाले. "शिवलेलं आहे, आतलं कापड फारसं उडत नाही. पण नक्की नाही म्हणून सांगता येणार नाही. दम लागला, खोकला राहिला तर डॉक्टरांना हे कापड घरात होतं म्हणून सांगा. नानांना आणि हर्षालीला मी नेणार आहेच. तुम्हीही चला."

"आणि तुला हे कधी कळलं, बाई?"

"मागच्या वर्षी."

तिनं मान हलवली. होकार नव्हता तो, नकारही नव्हता. दार तिनं हळूच लावलं.

त्या दिवशी आम्ही गल्लीतली सगळी घरं केली. काही जणींनी फडकी कधीच टाकून दिली होती, तरी आम्हाला उभं करून सगळं विचारलं. एकीनं चिडून नानांच्या हातात जोडी कोंबली. एकीला पटलंच नाही, असल्यानं कुठं काय होतं का, म्हणाली, पण दिली. पाथर्डी फाट्याकडे सासर असलेल्या दोघींना मी फोन केले. सांगायचं काम माझं होतं आणि पिशवी नानांनी धरली होती. आईचं नाव मी प्रत्येक दारात आधी घ्यायचे, तिची चूक नव्हती हे त्याच वाक्यात सांगायचे.

आणि प्रत्येक दारात शेवटी तोच प्रश्न यायचा, मला होईल का? मी तेच उत्तर द्यायचे, बहुतेक नाही, पण नक्की सांगता येणार नाही.  इतक्या वर्षांत किती भांडी उतरवली, कोणाकोणाच्या हातात ते फडकं गेलं, हे त्या बाईच्या डोळ्यांत यायचं. मग ती आत वळायची, आणि नळाचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघं उंबऱ्याबाहेर उभे राहायचो.